साडूंच्या डब्यातलं थायोरेडॉक्सिन

पत्र थोडक्यात: वाचक ४९ वर्षांचे, कोल्हापूरचे, मार्केट यार्डात गुळाची अडत. सहा वर्षं शुगर आहे, टाइप २. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी चालू, शेवटचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.१. त्यांचे साडू वर्षभरापासून एका चेन मार्केटिंगमध्ये आहेत. ते घरी एक मशीन घेऊन आले, मुठीत धरायला लावलं, 'पेशींचा स्कोर' कमी आला म्हणाले आणि महिना साडेचार हजारांचा कॅप्सूलचा डबा पुढं ठेवला. डब्यावर 'थायोरेडॉक्सिन एन्झाइम सपोर्ट', सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट असं छापलंय. साडूंचं म्हणणं, शुगरचं मूळ पेशीत असतं, तीन महिन्यांत गोळ्या निम्म्या करून टाकू. वाचकांनी नेटवर शोधलं तर थायोरेडॉक्सिन नावाची गोष्ट खरंच आहे, शुगरशी तिचा संबंधही आहे, मग गोंधळ आणखी वाढला. त्यात २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा याच साडूंनी सगळ्या घराला आपल्याकडं ठेवून घेतलं होतं. बहिणीचं मन मोडायला नको म्हणून वाचकांच्या मिसेसनी महिनाभर ती कॅप्सूल घेतली, आता त्यांचे केस गळतायत असं वाटतंय. प्रश्न असा: 'विज्ञान खरं असेल तर घ्यायला हरकत काय, आणि खोटं असेल तर साडूंना तोंड कसं देऊ?'

दादा,

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही आधीच धरून चाललाय, की विज्ञान खरं निघालं म्हणजे डबाही खरा. मी तिथंच थांबले. थायोरेडॉक्सिन शंभर टक्के खरं आहे, त्याचा शुगरशी संबंधही खरा आहे, आणि तरीही त्या डब्यावर साडेचार हजार घालवू नका असंच मी सांगणार आहे, आणि ते का हे नीट सांगते कारण नुसतं 'फसवणूक आहे हो' म्हटलं तर तुम्ही नेटवर पुन्हा शोधाल आणि पुन्हा तिथंच येऊन अडकाल. आधी एक सांगून ठेवते, मी बायोकेमिस्ट्री शिकवते, मी डॉक्टर नाही, गोळ्यांबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

तर हे थायोरेडॉक्सिन १९६४ साली स्वीडनमध्ये सापडलं. पीटर राइशार्ड आणि त्यांचे सहकारी आतड्यातल्या ई. कोलाय जंतूवर काम करत होते, डीएनएचे सुटे भाग तयार होताना लागणारा हायड्रोजन पुरवतं कोण हे शोधत होते, आणि हे छोटंसं प्रोटीन हाती लागलं. पुढं आर्ने होल्मग्रेन नावाच्या माणसानं जवळजवळ सगळं आयुष्य यावर घातलं. माणसात याचे साधारण १०५ अमायनो आम्लांचे मणी असतात, म्हणजे प्रोटीनच्या हिशोबात अगदीच किरकोळ देह, पण त्यातले दोन गंधकवाले मणी जवळजवळ बसलेत आणि सगळी करामत त्या दोघांची. जंतूत, झाडात, उंदरात, तुमच्यात, माझ्यात, सगळीकडं तेच दोन मणी आणि मध्ये तेच दोन शेजारी. इतकी जुनी आणि इतकी न बदललेली गोष्ट म्हणजे ती असल्याशिवाय चालतच नाही. उंदरातून तिचं जीन काढून टाकलं तर पिल्लू पोटातच दगावतं.

काम काय करतं, तर ते तुमच्या यार्डातल्या हमालासारखं आहे असं समजा. पेशीत काम करताकरता प्रोटीनमधले गंधक एकमेकांत अडकून बसतात, मग ते प्रोटीन कामाचं राहत नाही. थायोरेडॉक्सिन जवळ जातं, आपल्याकडचे इलेक्ट्रॉन त्याला देतं, ती गाठ सुटते, पण आता गाठ याच्या अंगावर पडलेली असते, म्हणजे हमाल रिकामा झाला. त्याला परत माल भरून देणारा वेगळा आहे, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचं एन्झाइम, आणि त्याच्याकडं माल येतो एनएडीपीएच नावाच्या रेणूतून, जो बराचसा आपण खाल्लेल्या ग्लुकोजच्याच एका आडवाटेनं तयार होतो. आला, दिला, रिकामा, परत भरला, दिवसरात्र हेच. शिवाय पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची प्रोटीन्स पेशीतला हायड्रोजन पेरॉक्साइड निकालात काढतात, त्यांनाही हाच माल पुरवतो. थायोरेडॉक्सिन आणि रिडक्टेजची एक जोडी पेशीच्या मुख्य रसात, दुसरी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात. आता बघा, यार्डात माल कमी पडत असेल तर हमाल वाढवून काय उपयोग, आणि हमालाचे हात कुणी धरून ठेवले असतील तर नवीन हमाल आणून तरी काय उपयोग? तुमच्या बाबतीत नेमकं हात धरून ठेवणारं कोणीतरी आहे, त्याच्याकडं येते, पण आधी डब्याचं बघू.

डब्यात 'थायोरेडॉक्सिन एन्झाइम' खरंच भरलं असेल असं धरलं तरी ते प्रोटीन आहे. पोटात गेलं की अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं जे होतं तेच त्याचं होणार, तुकडे तुकडे होऊन अमायनो आम्लं बनणार. ते अख्खंच्या अख्खं रक्तात जाऊन स्वादुपिंडाच्या पेशीत शिरेल असा रस्ताच नाही. म्हणून हुशार कंपन्या 'सपोर्ट' असा शब्द वापरतात, सपोर्टचा अर्थ काहीही होतो.

मग उरलं सेलेनियम. इथं मात्र दुकानदाराच्या बोलण्यात खऱ्याचा अंश आहे, आणि अंश असलेलं बोलणं जास्त अवघड असतं. ते रिडक्टेज एन्झाइम, म्हणजे माल भरून देणारा, त्याच्या शेपटाला खरंच सेलेनियमचा एक अणू असतो, तो नसेल तर काम नीट होत नाही. पण लागतं किती? अमेरिकेत मोठ्या माणसाला रोज ५५ मायक्रोग्रॅम पुरेसं धरतात, आणि एकदा एन्झाइमची गरज भागली की वरचं सेलेनियम घालून एन्झाइम वाढत बसत नाही. अंडी, मासे, चिकन, मटण, डाळी, धान्य यातून ते मिळतं, धान्यातलं प्रमाण जमिनीवर अवलंबून असतं. चीनच्या काही भागांत जमिनीत इतकं कमी होतं की केशान नावाचा हृदयाचा आजार व्हायचा, आणि आपल्याकडं पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही गावांत उलटं, जमिनीतच इतकं जास्त की जनावरांची शिंगं-खूर आणि माणसांची केस-नखं खराब झालेली आहेत. म्हणजे कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास. तुम्ही आठवड्यातून दोनदा तांबडा-पांढरा ओढता आणि रोज अंडं खाता असं लिहिलंय, तुम्हाला कमी पडण्याचं मला तरी काही कारण दिसत नाही.

आणि आता डब्यावरचे आकडे. २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई. वाचलं तेव्हा मी दचकलेच, कारण अगदी हेच डोस घेऊन जगातली एक फार मोठी चाचणी झालीय. सिलेक्ट नाव तिचं. २००१ ला अमेरिका आणि आजूबाजूला सुरू झाली, ३५,५३३ पुरुष, सगळे धडधाकट, उद्देश हा की या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का बघू. २००८ ला थांबवली कारण फायदा दिसेना. आणि २०११ ला पुढचा हिशोब आला तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याच्याआधी २००७ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकन चाचणीचे कागद परत तपासले, त्यात रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांत नवीन टाइप २ डायबेटिस जास्त झालेला दिसला. सिलेक्टमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही, त्यामुळं सेलेनियमनं शुगर होतेच असं मी म्हणणार नाही. पण दादा, तुम्ही पन्नाशीला आलेले शुगरचे पेशंट, पुरुष, आणि शुगर बरी करायला म्हणून जो डोस तुमच्यापुढं ठेवलाय त्याच्यामागं हा इतिहास आहे. साडूंना हे माहीत नसणार, त्यांना ज्यानं ट्रेनिंग दिलं त्यालाही नसणार कदाचित.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीत, जे तुमचंच नाही, आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय. ऑक्सिडेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन हिरावले जाणं, ते वाईट, आणि ते रोखणारं अँटिऑक्सिडंट, जसं व्हिटॅमिन ई, ते चांगलं, म्हणून जितकं जास्त तितकं बरं. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मननं मांडलं होतं की फ्री रॅडिकल्समुळं, म्हणजे पेशीतल्या इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या उपद्व्यापी रेणूंमुळं, म्हातारपण येतं, तिथून हे सगळं दुकान वाढत गेलं. पण पेशीला थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतो, निरोप पोचवायला लागतो, इन्सुलिन पेशीवर येऊन बसलं की आत थोडा पेरॉक्साइड तयार होतो आणि त्यानं इन्सुलिनचा निरोप पुढं जायला मदतच होते. २००९ मध्ये जर्मनीत जेनाला एक अभ्यास झाला, तरुण पोरांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना रोज व्हिटॅमिन सी आणि ई दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगलं दाद देऊ लागलं, ज्यांनी घेतल्या त्यांच्यात तो फायदा दिसला नाही. घाम गाळला आणि फायदा गोळीनं खाल्ला.

आणि थायोरेडॉक्सिन 'वाढवा वाढवा' म्हणणाऱ्यांना एक विचारा, कॅन्सरवाले शास्त्रज्ञ तेच कमी करायच्या मागं का लागलेत? कारण बऱ्याच गाठींमध्ये थायोरेडॉक्सिन भरपूर असतं, कॅन्सरची पेशी सारखी ताणात असते आणि याच्या जिवावर तग धरते. जपानात तर ल्युकेमियाच्या पेशी एक पदार्थ बाहेर टाकतात म्हणून त्याचा शोध चालला होता, १९८९ ला कळलं की तो पदार्थ म्हणजे माणसाचं थायोरेडॉक्सिनच. ऑरानोफिन म्हणून एक औषध आहे, संधिवातासाठी १९८५ ला अमेरिकेत मंजूर झालेलं, त्यात सोनं असतं सोनं, गुजरीत सराफाकडं मिळतं ते नव्हे, रेणूत बांधलेलं, ते सोनं जाऊन रिडक्टेजच्या त्या सेलेनियमलाच चिकटतं आणि एन्झाइम बंद पाडतं, म्हणून आता ते कॅन्सरवर चालतं का हे तपासतायत. याचा अर्थ थायोरेडॉक्सिन वाईट असा अजिबात नाही. कुठल्या पेशीत, किती, कधी, यावर सगळं आहे, आणि ते ठरवायला शरीराकडं स्वतःची यंत्रणा आहे, कॅप्सूलला त्यातलं काही कळत नाही. अजून एक गंमत सांगते, हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या नळीत या रिडक्टेजवर घातलं तर ते एन्झाइमला कायमचं बिघडवतं, २००५ ला होल्मग्रेनच्याच लॅबनं दाखवलंय. आमटीतल्या हळदीला घाबरू नका, एवढंच म्हणायचंय की 'नैसर्गिक आहे म्हणजे सपोर्टच करणार' हे काही खरं नाही. आणि कुणी शुगरवर पाऱ्याचं भस्म देत असेल तर तेही नको, पारा या सेलेनियमला फार घट्ट धरतो.

आता त्या हात धरून ठेवणाऱ्याकडं येऊ, पत्राचं खरं उत्तर इथं आहे. त्याचं नाव टीएक्सएनआयपी, हेही एक प्रोटीन, ते थायोरेडॉक्सिनला चिकटून त्याला अडवतं. आणि ते वाढतं कशानं माहितीय? ग्लुकोजनं. त्याच्या जीनला असा खटका आहे की पेशीत साखर वाढली की याचं उत्पादन सुरू. तसं ते मुळात शहाणं प्रोटीन आहे, साखर भरपूर झाली आता आत घेणं कमी करा असं पेशीला सांगतं, आणि ज्या उंदरांत ते नसतं त्यांच्यात यकृताच्या गाठी होतात, म्हणजे ते पूर्ण काढून टाकणंही परवडणारं नाही. पण शुगर महिनोन्महिने चढलेली राहिली की हे कायम चढलेलं राहतं, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी याच्यामुळं मरायला लागतात, इन्सुलिन आणखी कमी, साखर आणखी जास्त, हे आणखी वाढतं. चक्र आहे ते. तुमच्या ८.१ चा अर्थ तुमची सरासरी शुगर १८५ च्या आसपास राहतेय.

म्हणजे साडू म्हणतात ते एका अर्थी बरोबरच आहे, पेशीत घोळ आहेच. फक्त तो घोळ सोडवायची वाट कॅप्सूलमधून जात नाही, शुगर खाली आणण्यातून जाते. तुम्ही सकाळी घेता ती गोळी, जेवणानंतर चालता ते चालणं, ताटातून काढलेला भात, हे सगळं टीएक्सएनआयपीचा खटका बंद करायचंच काम करतंय. मेटफॉर्मिननं लॅबमधल्या पेशींत टीएक्सएनआयपी कमी होतं असंही दिसलंय. म्हणजे साडू जी गोळी निम्मी करायला सांगतायत ती काढली तर थायोरेडॉक्सिनचे हात जास्त घट्ट धरले जातील, 'सपोर्ट' कसला डोंबलाचा.

नेटवर तुम्ही 'व्हेरापामिल' पण वाचलं असेल, म्हणून सांगून टाकते. हे ब्लडप्रेशरचं आणि हृदयाचं जुनं औषध आहे, त्यानं टीएक्सएनआयपी कमी होतं, आणि अमेरिकेत अलाबामाच्या लोकांनी २०१८ मध्ये, मग २०२३ मध्ये दुसऱ्या एका गटानं मुलांमध्ये दाखवलं की नुकताच टाइप १ झालेल्यांत स्वतःचं उरलंसुरलं इन्सुलिन थोडं जास्त टिकतं. छोट्या चाचण्या आहेत, टाइप १ च्या आहेत, सहा वर्षं जुन्या टाइप २ च्या नाहीत, आणि हे औषध हृदयाचे ठोके मंद करतं. मेडिकलमधून स्वतःहून आणून घ्यायचं नाही. पण मला आवडतं ते हे की थायोरेडॉक्सिनच्या या सगळ्या संशोधनातून पेशंटपर्यंत पोचायला लागलेली गोष्ट ही अशी आहे, तपासलेली, मोजलेली, डॉक्टरच्या हातातली.

मशीनचं थोडक्यात: मुठीत धरायच्या मशीनला तुमच्या हाताच्या कातडीतून वीज किती सहज जाते एवढंच कळू शकतं, घामट हात आणि कोरडा हात यांचा स्कोर वेगळा येणार. हातावर प्रकाश टाकणारी असतात ती फारतर कातडीतलं गाजर-पपईचं पिवळं रंगद्रव्य मोजतात. थायोरेडॉक्सिन मोजायचं तर रक्त नाहीतर पेशीचा नमुना काढून संशोधनाच्या लॅबमध्ये जावं लागतं, आणि ते मोजून उपचार ठरवायची पद्धत आज कुठल्याच दवाखान्यात नाही.

मग करायचं काय. डबा, आणि डब्याचं लेबल, डॉक्टरांना दाखवा, आणि ८.१ का आहे हे त्यांच्याशी बसून बोला, कारण खरा विषय तो आहे आणि मला वाटतं डब्याच्या नादात तो मागं पडलाय. सहा वर्षांत औषध बदललं नसेल तर बदलायची वेळ आली असू शकते. ग्लिमेपिराइड चालू आहे म्हणजे जेवण टाळणं किंवा गोळी मनानं कमीजास्त करणं धोक्याचं, शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, ते एकदा तपासून घ्या, लघवीतलं प्रोटीन आणि डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा. सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, जा नाहीतर खासगीत जा, पण साडेचार हजारांत यातलं बरंच काही होतं.

आणि गूळ. तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेलाय की हंगामात सौद्याला गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, चव बघावी लागते, 'पण तो गूळ आहे, साखर नव्हे'. दादा, तुम्ही अडतवाले, तुम्हाला मी काय सांगू, उसाच्याच रसाची ती साखर आहे, थोडं लोह थोडी खनिजं आहेत पण तुमच्या रक्ताला आणि तुमच्या टीएक्सएनआयपीला त्यात फरक कळत नाही. दिवसभर खडा खडा तोंडात जातो तो मोजा एकदा वजनकाट्यावर, काटा तर तुमच्या हाताशीच आहे. हंगामात चव बघायचं काम दिवाणजीकडं द्या, नाहीतर चव घेऊन थुंकून चूळ भरा, वाईट दिसतं पण चालतं. माझा अंदाज, दिवाळीनंतरचा एचबीएवनसी आणि पावसाळ्यातला एचबीएवनसी शेजारी ठेवले तर तुम्हालाच कळेल. तांबड्या-पांढऱ्याबद्दल लोक उगीच घाबरवतात, रश्श्यापेक्षा त्याच्याबरोबर भाकरी किती आणि भात किती याचा प्रश्न जास्त आहे. रात्री जेवून रंकाळ्याला जाताय ते चांगलंय, पण बाकावर बसून गप्पा मारण्याआधी चाला. आठवड्यातून दोनतीन दिवस थोडं वजन उचला, स्नायू साखर ओढून घेतात. कोल्हापूरच्या माणसाला तालमीचं मी काय सांगायचं, पण पोराच्या वयात गेलेलं आता उपयोगाचं नाही, आता जायला पाहिजे.

आता साडू. पत्राचा निम्मा भाग त्यांच्याबद्दल आहे, त्यामुळं मला वाटतं दुखतंय ते तिथं. तुम्ही लिहिलंय 'पुरात त्यांनी आमचं एवढं केलं, आता त्यांच्या धंद्याला नाही कसं म्हणू'. मला यात थोडी गल्लत वाटते. त्यांनी पुरात तुम्हाला घर दिलं ते साडू म्हणून, नातं म्हणून. डबा विकायला आले ते एका कंपनीचे डिस्ट्रिब्युटर म्हणून. पहिल्याचं देणं दुसऱ्याच्या खात्यात फेडलं तर ते फिटत नाही, पुढच्या महिन्यात परत डबा येतो. आणि असंही बघा, ते तुम्हाला फसवायला आलेत असं मला वाटत नाही. या चेनमध्ये माणूस आधी स्वतःचे पैसे घालतो, स्टॉक घरात पडून असतो, वरचा माणूस टार्गेट विचारत असतो, मग नातेवाईक आठवतात. हो सकता है त्यांनाच मदत लागतीय आणि ती मागायची ही एकच पद्धत त्यांना सापडलीय.

डबा घ्यायचा आणि कपाटात ठेवायचा, वाद नको, हा मार्ग बरेच जण काढतात. मला तो पटत नाही. पैसे जातात ते जातातच, पण तीन महिन्यांनी तुमची शुगर डॉक्टरांच्या औषधानं खाली आली की मीटिंगमध्ये 'माझ्या साडूंची शुगर आमच्या कॅप्सूलनं उतरली' म्हणून तुमचा फोटो लागणार, आणि त्या फोटोवर विश्वास ठेवून कुणीतरी इन्सुलिन बंद करणार. डॉक्टरांच्या नावावर ढकलणं, 'डॉक्टर नको म्हणतायत', हे सोपं आहे आणि खोटंही नाही, पण मग साडू म्हणतील डॉक्टर लोकांचं काय, त्यांचं औषध कंपन्यांशी साटंलोटं असतं, आणि वाद लांबतो. मी म्हणते सरळ सांगा, पण जेवणावळीत नको, मिसेसच्या तोंडून तर अजिबात नको, दोन बहिणींमध्ये उगीच खटका पडेल. दोघंच गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला जा, तुम्ही आपलं बिनसाखरेचं आणि अर्धाच ग्लास, आणि म्हणा, 'तुम्ही पुरात केलंय ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. पण ही गोळी मी घेणार न्हाई आणि माझी औषधं कमी करणार न्हाई. तुमचे त्यात पैसे अडकलेत काय? खरं सांगा, किती?' शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मग अडकले असतील तर हंगामात अडतीवर काही काम, एखादी उधारी, परत न मागता थोडी रक्कम, जे तुम्हाला झेपेल ते. ते खरं फेडणं होईल.

त्यांना एक गोष्ट मात्र प्रेमानं कानावर घाला, त्यांच्याच भल्यासाठी. आपल्याकडं १९५४ चा औषधं आणि जादुई उपचार यांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्यात डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायलाच मनाई आहे. आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत माणसं जोडून पैसे मिळवायच्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे. उद्या कुणाला काही झालं तर वरचे लोक हात वर करतात, व्हॉट्सॲपवर मेसेज ज्याच्या नंबरवरून गेला तो सापडतो. न वापरलेला माल परत घ्यायची कंपनीची काय अट आहे ते त्यांनी कागदावर बघावं, मुदत असते.

असे डबे घेऊन हल्ली घरोघरी माणसं येतात म्हणून बाकीच्या वाचकांसाठी पण एक. घरात कुणाची किमो किंवा रेडिएशन चालू असेल तर अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका, वर सांगितलं ते कारण. घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल आणि 'फुप्फुसासाठी' म्हणून बीटा कॅरोटीन आणलं असेल तर तेही ठेवून द्या, फिनलंडमध्ये २९ हजारांवर पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली होती, १९९४ ला निकाल आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त.

राहिलं वहिनींचं. कॅप्सूल आजच बंद करायला सांगा. रोज २०० मायक्रोग्रॅमनं महिन्याभरात केस गळावेत असं सहसा होत नाही, पण डब्यावर जे लिहिलंय तेच आत आहे याची खात्री कोण देणार? २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ सप्लिमेंटमध्ये लेबलवर होतं त्याच्या २०० पट सेलेनियम निघालं होतं, २०१ लोकांना त्रास झाला, बहुतेकांचे केस गेले. त्यांची नखं बघा, ठिसूळ झालीत का, पांढरे पट्टे आलेत का, आणि तोंडाला लसणासारखा वास येतोय का. तुम्ही लिहिलंय त्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे, मग केस गळायचं कारण तेही असू शकतं, हिमोग्लोबिनही असू शकतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची) करून घ्या आणि डॉक्टरकडं जाताना तो डबा टाकून देऊ नका, बरोबर घेऊन जा.